स्मारकाचा रस्ता

ऑस्ट्रेलियांतील व्हिक्टोरिया प्रांताच्या दक्षिण किनाऱ्यानें टॉर्केपासून ॲलन्सफर्डपर्यंत सुमारें २४० किलोमीटर जाणाऱ्या रस्त्यास ग्रेट ओशन रोड म्हणतात. त्यावरून मोटारीनें जाण्याचा बेत आंखीत असतां आमच्यापुढें एक प्रश्न उभा राहिला. तो वाटखर्चाचा नव्हे. हा रस्ता म्हणजे युद्धस्मारक आहे. पहिल्या महायुद्धांतून परतलेल्या सुमारें ३,००० शिपायांनीं त्याचा मूळ भाग १९१९ ते १९३२ या काळांत, बहुतांशीं कुदळ-फावड्यानें, पडलेल्या सोबत्यांच्या स्मरणार्थ कड्यांतून खोदून काढला. अशा रस्त्यावर आम्हीं केवळ मौजेखातर हिंडावें काय?

आमच्याकडेही मृतांच्या नांवें पाणपोया घालतात, घाट बांधतात. पाणी पिणाऱ्यानें दात्याच्या आईबापांसाठीं अश्रु ढाळावे, अशी कोणाची अपेक्षा नसते. त्याची तहान भागली म्हणजे दात्याचा हेतु सफल झाला. या न्यायानें प्रवाशाचा आनंद हेंच तेथील तर्पण ठरेल. रस्त्याच्या चालकांसही प्रवासी हवेच होते. प्रारंभीं ते त्यांच्याकडून पथकर घेत. (कर भरल्यावर ऋण उरतें काय, हा वाद तार्किकांनीं खुशाल घालावा.)

तथापि ही तुलना आमचें पुरतें समाधान करीत नाहीं. तहान माणसास थांबविते. देखाव्यांची हौस त्यास पुढें पिटाळते. मेलबर्नहून सकाळीं निघून, समुद्रांतले चुनखडीचे ‘ट्वेल्व्ह अपॉसल्स’ नांवाचे सुळके पाहून रात्रीं परतणारे पुष्कळ. ते सुळके बारा कधींच नव्हते, आणि २००५ सालीं त्यांतला एक कोसळला! ईस्टर्न व्ह्यू येथें रस्त्यावर लाकडी स्मारक-कमान आहे; १९८३ च्या वणव्यांत ती जळाली व पुन्हां उभारली गेली. तिच्याखालून मोटार क्षणांत निघून जाते. आनंद हा विस्मृतीचा सोबती असतोच असें आम्हांस वाटत नाहीं. घाई मात्र असते. ज्यानें कड्याचा एकेक हात खोदला, त्याच्या श्रमांकडे पाहण्यास पाव तासही न ठेवणारा बेत आम्हांस कृतघ्नपणाचा वाटतो, मग तो कितीही सोयीचा असो.

म्हणून आम्हीं तीन दिवस योजिले आहेत. तेथेंही वाहनें डावीकडूनच चालतात. तेव्हां टॉर्केहून पश्चिमेस निघाल्यास समुद्र आमच्याच बाजूस राहील. पहिल्या दिवशीं कमानीपाशीं उतरून मुक्काम लॉर्नला. त्यापुढें जावयाचें नाहीं. सुळके तिसऱ्या दिवशीं, उजेड उरला तर.