पहाटेचा एक तास

गेल्या प्रायश्चित्तकाळातली गोष्ट. रविवारची मिस्सा आटोपून आम्ही चौघे चर्चच्या आवारात बोलत उभे होतो. विषय निघाला आमच्या पोहण्याचा. तेवढ्यात आळीतले एक वडीलधारे गृहस्थ जवळ आले आणि हसत हसत म्हणाले, ‘‘रोज पहाटे पोहायला बरा वेळ मिळतो तुम्हांला! मग सकाळच्या मिस्सेला का नाही मिळत?’’

आम्हीही हसलो आणि वेळ मारून नेली. पण प्रश्न आमच्याबरोबर घरी आला. माणसाने स्वतःच्या शरीरासाठी रोज एक तास काढावा का? काढला, तर तो कोणाच्या वाट्याचा असतो?

आधी आमची हकिकत सांगतो. आम्ही चौघेही पन्नाशी ओलांडलेले. आयुष्याची तीस-तीस वर्षे वसई रोड ते चर्चगेट अशा लोकलच्या गर्दीत गेली. सकाळी धावत गाडी पकडायची, रात्री थकून घरी यायचे, रविवारी सण, लग्न नाहीतर बारसे, आणि तिथे जेवणाला नाही म्हणायचे नाही. एकाला मधुमेह जडला, दुसऱ्याचे गुडघे दुखू लागले, तिसऱ्याला स्टेशनचा पूल चढताना मध्येच थांबून श्वास घ्यावा लागू लागला, आणि चौथ्याला लग्नातला कोट घालता येईना. डॉक्टरांनी सांगितले, ‘‘चाला, नाहीतर पोहा.’’ जागतिक आरोग्य संघटनेने २०२० साली दिलेल्या सल्ल्यानुसार प्रौढ माणसाने आठवड्याला किमान १५० ते ३०० मिनिटे मध्यम स्वरूपाचा व्यायाम करावा. गुडघेदुखी असणाऱ्याला त्यासाठी पाणी सोयीचे. छातीइतक्या पाण्यात उभे राहिले, की पायांवर येणारा भार जमिनीवरच्या भाराच्या साधारण एक तृतीयांशापर्यंत खाली येतो.

पोहण्याचे नाव काढताच आमच्या अंगात बळ आले. कारण आम्ही बावखलात पोहायला शिकलेली मुले! नव्या पिढीला सांगायला हवे, की बावखल म्हणजे आपल्या पूर्वजांनी वाडीत खोदलेले गोड्या पाण्याचे तळे. पावसाचे पाणी त्यात साठे, जमिनीत मुरे, आणि समुद्र हाकेच्या अंतरावर असूनही आसपासच्या विहिरी गोड्या राहायला त्याची मदत होई. त्याच पाण्यावर केळीच्या बागा, पानवेली, भाजीपाला आणि फुलझाडे वाढली. त्याच पाण्यात पाठीला रिकामा डबा बांधून आम्हांला ढकलले गेले. पुढे डबा सुटला. मग सूर मारणे, मुटके मारणे आणि तळाची माती मुठीत घेऊन वर येणे सुरू झाले. फी नव्हती, वेळापत्रक नव्हते, आणि ‘व्यायाम’ हा शब्दही कोणी उच्चारत नव्हते. नंतर जमिनीला भाव आला, इमारती उभ्या राहिल्या, आणि बावखलांत एकामागून एक भराव पडला. काही ठिकाणी तो आपणच, आपल्याच हातांनी टाकला. आज पोहायचे तर पैसे भरून, टोपी आणि चष्मा लावून, क्लोरीनच्या वासात तरणतलावावर जावे लागते.

पहिल्या दिवशी आमचा ताठा अर्ध्या अंतरातच उतरला. हात-पाय पोहणे विसरले नव्हते, पण छाती साथ देईना. चौघेही कठड्याला धरून धापा टाकत राहिलो, आणि शेजारून आठ-दहा वर्षांची पोरे माशांसारखी सळसळत निघून गेली. तरी आम्ही नेट धरला. सोमवार ते शनिवार, पहाटे साडेपाचला निघायचे असे ठरले. महिन्याभरात न थांबता चार फेऱ्या होऊ लागल्या. झोप सुधारली, चिडचिड कमी झाली. आमची शिस्त पाहून लोक कौतुक करू लागले, आणि खरे सांगायचे तर आम्हीही ते कौतुक मिरवू लागलो.

म्हणूनच त्या रविवारचा प्रश्न बोचला. मग आम्ही आपल्या परंपरेत उत्तर शोधू लागलो, आणि आमच्या बाजूचे साक्षीदार भरपूर सापडले. संत पौलाने शरीराला पवित्र आत्म्याचे मंदिर मानले. असिसीचे संत फ्रान्सिस आपल्या शरीराला ‘बंधू गाढव’ म्हणत आणि त्याला कठोरपणे वागवत. पण अखेरच्या काळात त्या गाढवावर आपण अन्याय केला, अशी कबुली त्यांनी दिल्याचे त्यांच्या चरित्रकथा सांगतात. संत थॉमस अक्वायनस यांच्यासारख्या गाढ्या तत्त्वज्ञाने तेराव्या शतकात दुःखावरचे उपाय सांगताना अश्रू, मित्राची सहानुभूती आणि सत्याचे चिंतन यांच्या रांगेत झोप आणि स्नान यांनाही मानाने बसवले. पोप जॉन पॉल दुसरे १९७८ साली वयाच्या ५८व्या वर्षी निवडून आले, तेव्हा कास्तेल गांदोल्फो येथील उन्हाळी निवासस्थानी त्यांनी तरणतलाव बांधून घेतला. खर्चाबद्दल कुरकुर झाली, तेव्हा नव्या पोपची निवडणूक घेण्यापेक्षा हे स्वस्त पडेल, असे ते गमतीने म्हणाल्याचे सांगतात.

१९९२ साली प्रसिद्ध झालेला कॅथलिक ख्रिस्तसभेचा धर्मशिक्षणग्रंथ दोन्ही बाजू सांगतो. परिच्छेद २२८८मध्ये जीवन व आरोग्य ही देवाची मौल्यवान देणगी आहे, तिची वाजवी काळजी घ्या, असा बोध आहे. लगेच परिच्छेद २२८९मध्ये शरीराची पूजा मांडू नका, असा इशारा आहे. आम्ही स्वतःला तपासले. आम्हांला काही पिळदार दंड कमवून कोणाला दाखवायचे नव्हते. नातवंडांच्या मागे धावता यावे, म्हातारपणी मुलांच्या गळ्यात पडू नये, एवढीच इच्छा. म्हणजे हेतू शुद्ध. खटला आम्ही जिंकला, असे आम्हांला वाटले.

आणि तेवढ्यात ती आठ दिवसांची गोष्ट घडली.

आमच्यापैकी एकाची पत्नी आजारी भावाच्या शुश्रूषेसाठी आठ दिवस माहेरी गेली. पहिल्या दिवशी हा गडी वीस मिनिटे उशिरा आला. दुसऱ्या दिवशी आला, पण टॉवेल विसरला. तिसऱ्या दिवशी आलाच नाही. घरी जाऊन पाहतो, तर अंथरुणाला खिळलेल्या आईची कूस बदलायची होती, तिचे औषध द्यायचे होते, नळाला पहाटेच पाणी येते ते भरायचे होते, मुलाचा डबा व्हायचा होता, आणि हा स्वयंपाकघरात मिठाची बरणी शोधत होता. आम्ही हसलो. मग हसू थांबले. कारण आपापल्या घराचे चित्र आम्हां प्रत्येकाच्या डोळ्यांपुढे उभे राहिले. साडेपाचला घराबाहेर पडणाऱ्या माणसासाठी पावणेपाचला उठून चहा ठेवणारे कोणीतरी होते. पिशवीत कोरडा टॉवेल कोणीतरी घडी करून ठेवत होते. परत आल्यावर तांदळाची गरम भाकरी ताटात पडत होती.

अॅरिस्टॉटलने म्हटले आहे, की सद्गुण सवयीने अंगी बाणतो. न्यायाची कृत्ये करत राहिल्याने माणूस न्यायी होतो. आम्ही याचा अर्थ असा घेतला होता, की रोज पहाटे उठत राहिल्याने आम्ही शिस्तीचे झालो. पण सवय तरी कोणाची होती? आमच्या आधी पाऊण तास उठण्याची सवय आमची नव्हती. आम्ही ज्याला आपला निर्धार म्हणत होतो, त्यातला अर्धाअधिक दुसऱ्याच्या झोपेतून कापलेला होता. आमचा हेतू शुद्ध होता यात शंका नाही. मात्र शुद्ध हेतूचा खर्चही कोणीतरी भरत असते, आणि तो कोण भरतो हे आम्ही विचारले नव्हते.

त्या बाई परत आल्यावर आम्ही चौघे सपत्नीक त्यांच्या घरी बसलो. बोलता बोलता आम्ही आमचा जिंकलेला खटला पुन्हा मांडला. संत पौल, संत थॉमस, पोपमहाशय, सगळे. त्यांनी शांतपणे ऐकून घेतले आणि म्हणाल्या, ‘‘तुमचं शरीर पवित्र आत्म्याचं मंदिर. मग आम्ही कोण? त्या मंदिराच्या झाडूवाल्या?’’

यावर आम्हांला उत्तर नव्हते. आम्हांला आमचे बावखल आठवले, पण या वेळी काठासकट आठवले. आम्ही मधोमध मुटके मारत होतो, तेव्हा काठावरच्या दगडावर आमच्या आया आणि बहिणी कपडे आपटत होत्या. पाणी एकच होते. आमच्या वाट्याला त्याचा खेळ आला, त्यांच्या वाट्याला त्याचे काम. आमच्या चौघांच्या बहिणींपैकी एकीलाही पोहता येत नाही. त्यांना कोणी बंदी केली नव्हती. त्यांच्या पाठीला डबा बांधावा असे कोणाला सुचलेच नाही. बावखल बुजले याची आम्ही हळहळ करतो, पण त्याच्या काठावरची ही वाटणी मात्र आम्ही जशीच्या तशी तरणतलावापर्यंत घेऊन आलो.

तेव्हापासून आम्ही आठवडा वाटून घेतला आहे. तीन दिवस आम्ही जातो आणि तीन दिवस त्या, महिलांसाठी राखून ठेवलेल्या वेळेत. त्यांच्या दिवशी आम्ही पाणी भरतो, डबा करतो, आईची कूस बदलतो. भाकरीला अजून आकार येत नाही. आमचा वेग कमी झाला, फेऱ्याही थोड्या घटल्या. वजनकाट्यावर पाहिले तर हा सौदा तोट्याचा. पण परवा चोपन्नाव्या वर्षी आमच्यातल्या एकीने कठडा सोडून चार हात मारले आणि घरी येऊन लहान मुलीसारखे ते पुन्हा पुन्हा सांगितले. ‘‘आयुष्यभर पाण्यात हात घातले,’’ त्या म्हणाल्या, ‘‘पाण्याने मला उचलून धरलं ते आज पहिल्यांदा.’’

त्या वडीलधाऱ्या गृहस्थांचा प्रश्न आम्ही विसरलेलो नाही. आमच्यातले दोघे आता पोहण्याची सुट्टी असलेल्या दिवशी सकाळच्या मिस्सेला दिसतात, तेही घरचे काम उरकून. पण त्यांच्या प्रश्नात एक गोष्ट राहून गेली होती, असे आम्हांला नम्रपणे वाटते. देवाच्या वेळेचा हिशेब मागणारे आपल्याला भेटतात, आणि ते भेटावेत. घरातल्या माणसाच्या वेळेचा हिशेब मागायला मात्र सहसा कोणी उभे राहत नाही; तो आपला आपणच मागावा लागतो.

शरीराची काळजी घेणे हा स्वार्थ नाही. ते आपले कर्तव्यच आहे. पण कर्तव्य म्हटले की ते घरातल्या प्रत्येक शरीराला लागू होते. आज दुपारी जेवताना आपल्या ताटाभोवती नजर फिरवा आणि विचारा: या घरात स्वतःच्या शरीरासाठी एक तास ज्याला किंवा जिला कधीच मिळाला नाही, ती व्यक्ती कोण? बहुधा ती अजून वाढत असेल. तिला आधी बसायला सांगा.