सरकायला काय झालं होतं?

बसा. घरी मटण शिजतंय ते शिजू दे. पाळकसाहेब, आपणही बसा. समोरच्या निम्म्या जणांना मी रविवारशाळेत शास्त्र वाचायला शिकवलंय. आज मी बोलणार आणि तुम्ही ऐकणार.

गेल्या रविवारी पाटसच्या साखर कारखान्याच्या फडावरून ऊसतोडीचा एक कोयता उपासनेला आला होता. नवरा, बायको, कडेवर पोर. बीडकडची माणसं. पहाटे गाडी भरून, हातपाय धुऊन आली होती. दारात काय विचारलंत त्यांना? "सभासदपत्र आणलंय का?" मग, "कुठल्या मंडळीचे?" आणि शेवटी आवाज खाली आणून, "मूळचे कोण तुम्ही?" विचारणाऱ्यानं मान वर करू नये, मी ओळखते त्याला. बाकीच्यांनीही साळसूद बसू नये. मागच्या बाकावर तिघांची जागा होती, तिथं पर्स ठेवलेली. ती बाई चपलांपाशी उभी राहिली, पोराला पाजायला म्हणून बाहेर गेली ती परत आलीच नाही. चहाला म्हणे कप कमी पडले. मंडळीच्या जेवणावळीला दोनशे पानं उठतात, तेव्हा कसे पुरतात?

मूळचे कोण! 1950 च्या आदेशानं ख्रिस्ती दलितांना अनुसूचित जातींतून वगळलं म्हणून मोर्च्यात पुढं असता. रास्त मागणी आहे, मीही चालले आहे. पण मोर्च्यात जातीचा चटका सांगायचा आणि देवळाच्या दारात तोच दुसऱ्याला द्यायचा? 2016 साली कॅथलिक बिशपांनी आपल्या चर्चमध्ये जातिभेद आहे, हे लेखी कबूल केलं. आपण मात्र अजून "आमच्यात तसलं नाही" म्हणतो.

आणि हे कुठं? चौफुल्यावरून वळलं की केडगाव. 5 एप्रिलला पंडिता रमाबाईंच्या फोटोला हार घालायला तुम्हीच असता ना? 1896-97 च्या दुष्काळात ती बाई मध्य प्रांतात गेली आणि सुमारे 300 बायका-मुली घेऊन आली. हाडांचे सापळे, अंगावर चिंध्या. कुणाच्याही हातात सभासदपत्र नव्हतं. समाजानं टाकलेल्या बायकांसाठी कृपासदन काढलं, आंधळ्या मुलींना ब्रेल शिकवलं. म्हातारपणी हिब्रू-ग्रीक घेऊन बसली, ती साध्या बाईला बायबल कळावं म्हणून. आणि ते भाषांतर छापलं मुक्ती मिशनच्याच छापखान्यात. रेव्हरंड ना. वा. टिळकांचं तर सोडाच. 1917 मध्ये त्यांनी देवाचा दरबार भरवला, त्यात बाप्तिस्मा न घेतलेल्यालाही जागा होती. इथं बाप्तिस्मा घेतलेला माणूस चपलांत उभा.

पायऱ्यांचं पण सांगून ठेवते. दारात तीन पायऱ्या आहेत म्हणून आपल्यातली एक म्हातारी दोन वर्षं प्रभुभोजनाला आलेली नाही. नव्या स्पीकरला मात्र वर्गणी महिन्यात जमली. उताराला चार पोती सिमेंट लागेल, फार तर.

याकोबाच्या पत्राचा दुसरा अध्याय घरी जाऊन वाचा. सोन्याच्या अंगठीवाला आणि मळक्या कपड्यांतला, दोघं एकाच सभेत येतात तो. पाठ केला होता तुम्ही, मीच घेतला होता. बक्षिसाच्या पेन्सिलीही दिल्या होत्या.

आता ऐका. गळीत हंगाम संपायला अजून अवकाश आहे. दुपारी चार वाजता मी कोप्यांवर जाणार आहे, त्या बाईची माफी मागायला. ट्रॅक्टर सांगितलाय. कोण येतंय बरोबर? हात वर करा. ज्यानं दारात विचारलं, त्याचा पहिला.