विदित नव्हते

(निर्गम ३४:२९, शास्ते १६:२०)

इंग्रजी भाषेत ‘विट’ असे एक जुने क्रियापद आहे. त्याचा अर्थ जाणणे, भान असणे. भूतकाळी रूप ‘विस्ट’. बोलण्यातून ते केव्हाच गेले, परंतु इ. स. १६११ मध्ये छापलेल्या इंग्रजी शास्त्रात ते ठिकठिकाणी आढळते. आपणांस ते अगदीच परके नाही. संस्कृत ‘विद्’ धातू व ते एकाच मुळाचे होत. पत्रात आपण ‘विदित व्हावे’ असे लिहितो, तो त्याच घरचा शब्द.

‘विस्ट नॉट’, म्हणजे विदित नव्हते, असे त्या शास्त्रात ज्यांच्याविषयी म्हटले आहे, त्यांपैकी दोघांकडे आज पाहू. मूळ इब्री भाषेतही या दोन्ही ठिकाणी क्रियापद एकच आहे.

मोशे चाळीस दिवस व चाळीस रात्री देवासन्निध राहून, दोन पाट्या घेऊन सीनाय पर्वतावरून उतरला. त्याचे मुख झळकत होते. अहरोन व सर्व लोक ते पाहून भ्याले. एकट्या मोशेस ते विदित नव्हते.

शमशोन दलीलेच्या मांडीवर निजला आणि त्याच्या सात बटा उतरल्या. जागा होताच, पूर्वीप्रमाणेच आपण सुटून जाऊ, असे त्यास वाटले. दंड तेच, आवेशही तोच. परंतु परमेश्वर त्यास सोडून गेला होता, आणि हे त्यास विदित नव्हते.

हा दुसरा प्रसंग वाचताना आम्हां उपदेशकांस कापरे भरावे. पाठ झालेली प्रार्थना ओठांवर येते, गायन होते, अर्पणाची थाळी फिरते, मंडळी ‘आमेन’ म्हणते. काही उणे झाले असे कोणासच वाटत नाही. आम्हांस तर मुळीच नाही. शमशोनावर पलिष्टी तरी चालून आले. आम्हांवर कोणी येत नाही.

उलट, मंडळीत एखादी म्हातारी असते. तिला अक्षर येत नाही, शेजारणीच्या तापाने फणफणलेल्या लेकराजवळ ती रात्रभर बसते, आणि सकाळी म्हणते, “माझ्या हातून प्रभूची काहीच सेवा होत नाही.” तिचे मुख झळकते हे तिला सांगावे काय? न सांगितलेले बरे, असे आमचे मत आहे.

शमशोनाचे डोळे फोडून पलिष्ट्यांनी त्यास गज्जात नेले व बंदिशाळेत दळावयास लावले. तेथे त्याचे केस पुन्हा वाढू लागले, असे शास्त्र सांगते. जात्यापाशी असताना ते त्यास विदित होते की नाही, हे सांगत नाही.