उंबरठ्यावरचा जीव आणि आपली अमानत

वाचकहो, एका घराची कल्पना करा. यवतमाळ जिल्ह्यात, दारव्हा किंवा आर्णीच्या बाजूला, पाच एकरांचे शेत आहे. कापसाच्या ओळींमध्ये तूर उभी आहे. रात्री रानडुकरे शिरतात, पहाटे रोह्यांचा कळप शेंडे खाऊन जातो. घरातील कर्ता पुरुष रात्रीमागून रात्र जागलीला जातो. शहरात शिकणारा मुलगा एके दिवशी घरी येऊन सांगतो की, तिथल्या प्राणी निवाऱ्यात एक कुत्रा आहे. तो धड गावठीही नाही आणि कोणत्या नावाजलेल्या जातीचाही नाही. वाहनाखाली सापडून त्याचा मागचा पाय थोडा अधू झाला होता, आता तो बरा आहे. लस दिलेली आहे, नसबंदीही झाली आहे. ‘अब्बा, त्याला शेतावर आणू या का?’

घरात शांतता पसरते. दादी म्हणते, ‘कुत्रा असलेल्या घरात रहमतचे फरिश्ते येत नाहीत.’ नातू म्हणतो, ‘दादी, तहानलेल्या कुत्र्याला पाणी पाजणाऱ्याला अल्लाहने माफ केले, हेही तुम्हीच शिकवले ना?’

दोघेही हदीसचाच आधार घेत आहेत आणि दोघांचेही म्हणणे खरे आहे. अशा प्रसंगी आपल्यापैकी बरेच जण एक हदीस हाती धरतात आणि दुसरी बाजूला सारतात. परंतु ज्या पवित्र मुखातून पहिली शिकवण आली, त्याच मुखातून दुसरीही आली आहे. त्यामुळे दोहोंपैकी आपल्या सोयीची निवडणे हे आपले काम नव्हे. दोहोंचा मेळ समजून घेणे हे आपले काम आहे.

मर्यादा कशाची?

प्रथम मर्यादा पाहू. सहीह बुखारी आणि सहीह मुस्लिम या दोन्ही संग्रहांत आले आहे की, ज्या घरात कुत्रा किंवा प्रतिमा असेल तेथे फरिश्ते प्रवेश करीत नाहीत. हजरत अबू हुरैरा (रजि.) यांच्या कथनानुसार, शिकार, शेती किंवा गुराढोरांची राखण या कारणांखेरीज जो कुत्रा बाळगतो, त्याच्या सत्कर्मांतून दररोज एक किरात घटत जातो. कुत्र्याने तोंड घातलेले भांडे सात वेळा, त्यांपैकी पहिल्यांदा मातीने, धुण्याचा आदेशही आहे. हनफी मतानुसार तीन वेळा धुतल्याने भांडे पाक होते आणि सात वेळा धुणे उत्तम ठरते. शाफई मतानुसार सात वेळा धुणे बंधनकारक आहे. मालिकी मतात तर जिवंत कुत्रा मुळात नापाक मानलेला नाही. विदर्भातील आपण बहुतेक हनफी आहोत, कोकणातील आपले बांधव बहुधा शाफई. प्रत्येकाने आपल्या मसलकप्रमाणे आचरण करावे आणि दुसऱ्याला हिणवू नये.

आता या आदेशांकडे बारकाईने पाहा. एक घराविषयी आहे, एक भांड्याविषयी, एक कुत्रा बाळगण्याच्या कारणाविषयी. यांपैकी कोणत्याही आदेशात त्या जीवाचा तिरस्कार करा, त्याला दगड मारा, उपाशी ठेवा, असे सांगितलेले नाही. तरीही मशिदीबाहेर सावलीला बसलेल्या कुत्र्याला लाथ मारणारा माणूस आपण दीनचे काही काम केले, अशा समाधानाने आत जातो. हजरत अब्दुल्लाह इब्न उमर (रजि.) यांचे कथन सहीह बुखारीत आहे की, प्रेषितांच्या (स.) काळात कुत्रे मशिदीत ये-जा करीत आणि त्यामुळे तेथे पाणीही शिंपडले जात नसे. त्या मशिदीहून अधिक पवित्र असे आपले अंगण नक्कीच नाही.

पवित्र कुरआनने या प्राण्याला कोठे स्थान दिले आहे, तेही पाहा. सूरह अल्-अनआमच्या ३८व्या आयतीत भूमीवर चालणारे प्राणी आणि पंखांनी उडणारे पक्षी हे आपल्यासारखेच समुदाय असल्याचे सांगितले आहे. सूरह अल्-माइदाच्या चौथ्या आयतीत शिकवून तयार केलेल्या शिकारी प्राण्यांनी धरून आणलेली शिकार वैध ठरविली आहे. सूरह अल्-कहफमध्ये गुहेत आश्रय घेतलेल्या ईमानवंत तरुणांबरोबर त्यांचा कुत्राही आहे, उंबरठ्यावर पुढचे पाय पसरून बसलेला. लोक त्या तरुणांची संख्या तीन सांगोत, पाच सांगोत की सात, प्रत्येक मोजणीत त्या कुत्र्याचा उल्लेख आला आहे. उंबरठ्यावरची त्याची जागा आपल्या विषयात फार मोलाची आहे. तो घरात नाही आणि त्याला हाकलूनही दिलेले नाही.

दादीचे आणि नातवाचे म्हणणे येथे एकत्र येते. घराला मर्यादा घातली आहे, दयेला मर्यादा घातलेली नाही.

कारण खरे असावे

ज्या शेतात रात्री रानडुकरे उभे पीक लोळवतात, त्या शेतासाठी कुत्रा आणणे हे हदीसनेच मान्य केलेल्या कारणात बसते. काही ठिकाणी रानडुकरे रोखण्यासाठी कुंपणात चोरून वीज सोडली जाते. त्यात वन्यप्राणी मरतात, गुरे मरतात आणि कधी शेजारच्या शेतातला माणूसही मरतो. त्या मानाने भुंकून जागे करणारा राखणदार कितीतरी निर्दोष उपाय आहे. चोरांची भीती असल्यास घराच्या राखणीसाठीही कुत्रा ठेवण्याची मुभा हनफी धर्मशास्त्रज्ञांनी दिली आहे.

परंतु अल्लाह कारणाबरोबर नियतही पाहतो. शेतीचे नाव पुढे करून मिरविण्यासाठी महागडा कुत्रा आणणे ही आपणच आपली केलेली फसवणूक होय. कुत्र्याची किंमत घेण्यास मनाई करणारी हदीसही आहे. उपयुक्त कुत्र्याच्या विक्रीबाबत हनफी मत सौम्य असले, तरी ज्या निवाऱ्यात कुत्रा मोफत मिळतो तेथे हा प्रश्नच उद्भवत नाही. तेथला संमिश्र जातीचा कुत्रा आपल्या उन्हाला सरावलेला असतो आणि त्याला कोणी विचारीत नसते. ज्याला कोणी विचारीत नाही त्याची विचारपूस करणे हीच तर आपल्या प्रेषितांची (स.) रीत होती.

आणि ज्यांच्याकडे शेत नाही, गुरे नाहीत, दोन खोल्यांचे घर आहे? त्यांच्यासाठी किरातची हदीस आपल्या जागी कायम आहे. पण दयेचे दार त्यांनाही बंद नाही. दारापुढे मातीच्या भांड्यात पाणी ठेवावे, निवाऱ्यातील एखाद्या कुत्र्याच्या औषधाचा खर्च उचलावा, गरज असलेल्या शेतकऱ्याशी त्याची गाठ घालून द्यावी. यातही पुण्य आहे. प्रत्येक जिवंत काळीज असलेल्या प्राण्याच्या सेवेत मोबदला आहे, असे प्रेषितांनी (स.) सहाबांच्या प्रश्नावर सांगितलेलेच आहे.

पट्टा बांधल्यानंतर

रस्त्यावरचा कुत्रा उकिरड्यावर तोंड घालतो, डबक्यातले पाणी पितो, कसाबसा जगतो. ज्या क्षणी आपण त्याच्या गळ्यात पट्टा बांधतो, त्या क्षणी त्याचे हे स्वातंत्र्य आपण काढून घेतो. एका स्त्रीला मांजरीमुळे नरक प्राप्त झाल्याची हदीस आपण लहानपणापासून ऐकत आलो. तिचा अपराध नेमका काय होता, याचा विचार करा. तिने मांजरीला कोंडले, खाऊ-पिऊ घातले नाही आणि किडामुंगी शोधून खाण्यासाठी मोकळेही सोडले नाही. कोंडणारा हात पोटाचीही जबाबदारी घेतो. म्हणून ‘दत्तक घेणे’ हा शब्द आपण सोयीसाठी वापरत असलो, तरी आपल्या परंपरेतला खरा शब्द ‘अमानत’ हा आहे.

ही अमानत सांभाळायची कशी, तेही स्पष्ट सांगितले पाहिजे. रेबीजची लस दरवर्षी चुकवू नये. हा आजार एकदा प्रकट झाला की माणूस काय, प्राणी काय, जवळजवळ कोणीच वाचत नाही. चावा किंवा ओरखडा झाल्यास जखम साबण आणि वाहत्या पाण्याने पंधरा मिनिटे धुवावी आणि तत्काळ सरकारी दवाखाना गाठावा. जंतांचे औषध द्यावे, गोचीड काढावेत. भाकर, भात, अंडे, मांस चालते. कांदा, लसूण आणि चॉकलेट त्याला अपायकारक आहेत. शिजलेल्या कोंबडीची हाडे तुकडे होऊन आतड्यात रुततात, म्हणून दावतीनंतरचे उष्टे सरसकट त्याच्यापुढे टाकू नये. २०१७ मध्ये आपल्या जिल्ह्यात फवारणीच्या विषबाधेने शेतकरी आणि शेतमजूर दगावले, हे आपण विसरलो नाही. कीटकनाशकाचा रिकामा डबा कितीही धुतला तरी त्यात त्याला पाणी देऊ नये. टिपेश्वर अभयारण्याच्या काठावरील गावांत तर त्याला रात्री शेतात एकट्याला साखळीने बांधणे म्हणजे बिबट्यापुढे भक्ष्य बांधणे होय. आपण जागलीला जाऊ तेव्हा तो सोबत असावा आणि परतताना तोही परतावा.

घराच्या पावित्र्याची काळजीही यातच येते. त्याची जागा अंगणाबाहेर, गोठ्याजवळ असावी. त्याची भांडी वेगळी असावीत. नमाजचे कपडे त्याच्या लाळेपासून जपावेत. शेजाऱ्याचा हक्कही विसरू नये. ज्याच्या लहान मुलांना त्याची भीती वाटते, त्या शेजाऱ्याला आपल्या पुण्याचा त्रास होता कामा नये. मोकाट कुत्र्यांमुळे लोक भयभीत आहेत, मुलांना चावे बसतात, हे वास्तव आहे. २२ ऑगस्ट २०२५ रोजी सर्वोच्च न्यायालयाने दिल्ली परिसरातील कुत्र्यांविषयी आदेश देताना म्हटले की, प्राणिप्रेमींना अर्ज करून कुत्रे दत्तक घेता येतील, मात्र ते पुन्हा रस्त्यावर येणार नाहीत याची जबाबदारी घेणाऱ्याचीच राहील. ईमानवंताला हे न्यायालयाने सांगण्याआधीच ठाऊक असायला हवे.

तो म्हातारा होईल तेव्हा

आता सर्वांत अवघड प्रश्नाकडे येऊ. आठ-दहा वर्षांनी हाच कुत्रा थकेल. त्याची नजर मंदावेल, अधू पाय पुन्हा दुखू लागेल. रानडुक्कर शेतात शिरले तरी तो उठणार नाही. शेतीसाठी म्हणून तो आणला होता आणि आता तो शेतीच्या उपयोगाचा राहिला नाही. मग मुभेचे कारण संपले, असे म्हणून त्याला पोत्यात घालून नागपूर–तुळजापूर महामार्गाच्या कडेला सोडून यायचे का? काही लोक असे करतात आणि काहींना त्यात धर्माचे पालन केल्यासारखेही वाटते.

बंधूंनो आणि भगिनींनो, येथे थांबून विचार करा. गरज ही त्याला आणण्याची अट होती. त्याला जगवणे हे आणल्यानंतर आलेले कर्तव्य आहे. अट संपल्याने कर्तव्य संपत नाही. इ. स. १२६२ मध्ये निधन पावलेले थोर शाफई विद्वान इमाम इज्जुद्दीन इब्न अब्दुस्सलाम (रह.) यांनी माणसावर असलेले प्राण्यांचे हक्क नोंदविताना सांगितले आहे की, प्राणी म्हातारा झाला किंवा आजारी पडला आणि त्याच्यापासून काही लाभ उरला नाही, तरी त्याचे खाणेपिणे मालकाकडेच राहते. साडेसातशे वर्षांपूर्वी लिहिलेले हे विधान आजही आपल्याला आरशासमोर उभे करते.

थकलेल्या राखणदाराला गोठ्याच्या उंबरठ्याशी बसू देणे हा शौक नव्हे. घेतलेली अमानत शेवटपर्यंत पोहोचवणे आहे. कोणाच्या मनात शंका असल्यास त्याने विश्वासू आलिमला जरूर विचारावे. पण विचारताना प्रश्न प्रामाणिक असावा. आपण पापाच्या भीतीने विचारीत आहोत की भाकरीचा खर्च वाचविण्यासाठी, हे आलिमला कळणार नाही, अल्लाहला मात्र ठाऊक आहे. आणि हेही ध्यानात असू द्या की, जे हात उपयोग संपलेल्या जीवाला रस्त्यावर सोडतात, त्यांच्याकडे घरातली मुले पाहत असतात. उद्या आपणही थकणार आहोत.

यवतमाळकरांना २०१८ चा उन्हाळा आठवत असेल. आदल्या वर्षी पाऊस कमी झाला होता. शहराची तहान भागवणारी निळोणा आणि चापडोह ही धरणे आटली होती. माणसे भांडी घेऊन टँकरमागे धावत होती. ज्या दिवसांत माणसालाच पाणी नव्हते, त्या दिवसांत जनावरांचे काय झाले असेल, हे सांगायला नको. तहान म्हणजे काय हे आपल्याला पुस्तकातून शिकावे लागत नाही.

हदीसमधला तो माणूसही स्वतः तहानलेला होता. विहिरीत उतरून तो पाणी प्यायला, वर आला आणि धापा टाकत ओली माती चाटणारा कुत्रा त्याला दिसला. आपली जी अवस्था होती तीच याची आहे, हे त्याला उमगले. तो पुन्हा विहिरीत उतरला. पायातला चामडी मोजा त्याने पाण्याने भरला, तोंडात धरला आणि चढून वर आला. आपला मोजा नापाक होईल का, असा विचार करीत तो विहिरीच्या काठावर थांबला नाही. मोजा धुता येतो. त्या जीवाकडे मात्र वेळ नव्हता. अल्लाहने त्याच्या या कृतीची कदर केली आणि त्याला माफ केले.

त्या शेतकरी कुटुंबाने काय ठरवावे, हे आता वेगळे सांगण्याची गरज नाही. कुत्रा यावा, गोठ्याजवळ राहावा, शेत राखावे. दादीने घराचे पावित्र्य जपावे आणि नातवाने त्याच्या पाण्याचे भांडे रोज भरावे, तो धावत असेल तोवर आणि तो उठेनासा होईल तेव्हाही.

अल्लाह आपल्याला मर्यादा पाळण्याची आणि त्या मर्यादांना निर्दयतेचे निमित्त न बनविण्याची सद्बुद्धी देवो. आमीन.