रस्त्याचा हक्क आणि शेजाऱ्याची निर्धास्ती

गल्लीत उभी केलेली मोटार बाजूला घ्या म्हटले, की उत्तर बहुधा ठरलेले असते : "कोणाचे काय अडले?" उत्तर उद्धट वाटते, पण त्यात एक गंभीर प्रश्न आहे. कोणाचे काही अडण्यापूर्वीच, केवळ अडण्याच्या शक्यतेला अन्याय म्हणता येईल काय?

भारतीय न्याय संहितेच्या कलम २८५ नुसार सार्वजनिक वाटेवर एखाद्या व्यक्तीस धोका, अडथळा वा इजा पोहोचविणाऱ्याला पाच हजार रुपयांपर्यंत दंड होऊ शकतो. प्रेषित मुहम्मद (स.) यांची शिकवण याच्याही अलीकडून सुरू होते. ज्याच्या उपद्रवापासून शेजारी निर्धास्त नाही, त्याच्या ईमानालाच त्यांनी नकार दिला आहे (बुखारी). येथे शेजाऱ्याला प्रत्यक्ष त्रास झालाच पाहिजे असे नाही. तो निर्धास्त नाही, एवढेच पुरेसे ठरले. ईमान आणि अमन हे शब्द मुळात एकाच धातूचे आहेत. रात्री-अपरात्री आईची प्रकृती बिघडली तर रुग्णवाहिका दारापर्यंत येईल ना, या विचाराने जो अंथरुणावर कूस बदलतो, त्याचे अमन आधीच हिरावले गेलेले असते. ती रात्र कधीही न उजाडली तरीही. आणि हा शेजारी मुसलमानच असावा, अशी अट हदीसमध्ये नाही.

आमचे केळझर नागपूर-वर्धा मार्गावरचे. सिद्धिविनायकाच्या दर्शनाला येणाऱ्यांची वाहने, कापसाच्या हंगामातील ट्रॅक्टर आणि आता घरोघरी आलेल्या दुचाक्या-चारचाक्या. जुन्या वस्तीतील वाटा मात्र बैलगाडीच्या मापाच्या. रस्त्याच्या रुंदीवरून वाद झाल्यास सात हात वाट सोडावी, असा निवाडा प्रेषितांनी (स.) दिला होता (बुखारी, मुस्लिम). सात हात म्हणजे सुमारे साडेदहा फूट. त्यात साडेपाच फुटांची मोटार उभी राहिली, तर उरतात पाच फूट. रुग्णवाहिका त्याहून रुंद असते.

हाफिज इब्न हजर (मृत्यू १४४९) यांनी या मापामागील हेतू सांगितला आहे : ओझी आत-बाहेर नेता यावीत, आणि दारापाशी जे ठेवण्यावाचून गत्यंतर नाही, त्यालाही जागा मिळावी. हा दुसरा भाग मला फार मोलाचा वाटतो. ज्याला अंगण नाही आणि ज्याची रोजी ऑटोरिक्षावर आहे, तो ती दारापाशी भिंतीला लावून ठेवील, तर त्याला दोष देणे शरीअतच्या वृत्तीत बसत नाही. परंतु ज्याने अंगणात भाड्याची खोली बांधली आणि मोटार गल्लीत आणून उभी केली, त्याची अडचण त्याने स्वतः निर्माण केलेली आहे. खोलीचे भाडे त्याच्या खिशात जाते, गैरसोय मात्र सर्वांच्या वाट्याला येते. दोघांची वाहने एकाच गल्लीत उभी असली, तरी दोघांचा हिशेब एक नव्हे.

जुम्याच्या दिवशी मशिदींबाहेर हाच हिशेब आपल्या सर्वांपुढे असतो. घाईने येणारा नमाजी कोणाच्या तरी फाटकासमोर गाडी लावतो आणि समजतो, की अर्ध्या तासाचाच तर प्रश्न आहे. मग "अमुक क्रमांकाची गाडी काढावी" अशी घोषणा करावी लागते. ती होईपर्यंत शेजारी फाटकाबाहेर येऊन, आत नमाज सुरू आहे हे पाहून, काही न बोलता बराच वेळ उभा राहिलेला असतो.