स्निग्ध आणि सात्त्विक

१९५५ साली सोव्हिएत संघाशी झालेल्या करारातून भिलाईचा पोलाद कारखाना आकारास येऊ लागला, १९५९ च्या फेब्रुवारीत राष्ट्रपती राजेंद्रप्रसादांच्या हस्ते त्याच्या पहिल्या झोतभट्टीचे उद्घाटन झाले, आणि त्या निमित्ताने आंध्र, बंगाल, केरळ, पंजाब, विदर्भ अशा नाना मुलखांतील माणसे येथे येऊन स्थिरावली. दुर्ग-रायपूर हमरस्त्यालगतच्या, भिलाईतल्याच सुपेल्यातील कोणत्याही कचेरीचा हजेरीपट उघडावा, त्या स्थलांतराचा दाखला आडनावांवरूनच मिळतो. अशा कचेरीत कोणाचा वाढदिवस निघाला म्हणजे सामोसे, गुलाबजाम आणि मलईचे थर चढवलेला केक मागवावयाचा, हा आजवरचा शिरस्ता. परंतु मधुमेह आणि हृद्रोग हे टेबलाटेबलावर ओळखीचे झाल्यापासून अल्पस्निग्ध पदार्थच आणावेत अशी सूचना पुढे येऊ लागली आहे. तिच्यामागील काळजी खरी आहे. एका ग्रॅम स्निग्धांशातून नऊ उष्मांक मिळतात आणि तेवढ्याच साखरेतून चार, हा हिशेब कोणालाही खोडता येणार नाही. मला प्रश्न पडतो तो ती सूचना मांडताना लागणाऱ्या स्वराविषयी. तूप टाळले की जणू पुण्य गाठीस बांधले, असा जो स्वर असतो, त्याला आपल्या धर्मविचारात आधार तो कितपत?

भगवद्गीतेच्या सतराव्या अध्यायात आहाराचे तीन प्रकार सांगितले आहेत, आणि त्यांत सात्त्विक अन्नाचे वर्णन रसयुक्त, स्निग्ध आणि मनाला प्रसन्न करणारे असे केलेले असून रूक्ष अन्न मात्र अतितिखट, अतिखारट आणि दाहकारक अन्नाच्या पंक्तीला, म्हणजे राजस वर्गात, बसवलेले आहे. तेव्हा कोरड्या बिस्किटाला सात्त्विकतेची सनद देऊन साजूक तुपाला तामस ठरवणाऱ्याने निदान गीतेचा हवाला देऊ नये. मात्र याच ग्रंथाच्या सहाव्या अध्यायात अतिभोजन करणाऱ्याला योग साधत नाही आणि मुळीच न खाणाऱ्यालाही साधत नाही, असेही सांगितले आहे. आणि तुपाची बाजू घेणारे आमच्यासारखे लोक हा अध्याय सोयीस्करपणे विसरतात.

वाढदिवसाचेच पाहावयाचे तर धर्मशास्त्रात वर्धापनविधी म्हणून त्याची स्वतंत्र व्यवस्था आहे. जन्मतिथीस मार्कंडेयाचे आणि अश्वत्थामादी चिरंजीवांचे पूजन करावे आणि तीळ व गूळ घातलेले दूध प्यावे, असा तो विधी. तिळाच्या वजनापैकी निम्म्याच्या आसपास तेलच असते, हे ध्यानात घेतले म्हणजे हा विधी आहारतज्ज्ञाच्या मंजुरीला पाठवणे कठीण. पण शास्त्रकारांनी त्या दुधाचे मापही सांगून ठेवले आहे, आणि ते आहे अर्धी ओंजळ. सत्यनारायणाच्या शिऱ्याची रीतही याच जातीची. रवा, साखर आणि तूप सव्वाच्या मापाने बरोबरीने घ्यावयाचे, त्यात कंजुषी चालावयाची नाही. परंतु तो शिरा वाटताना प्रत्येकाच्या तळहातावर जेमतेम एक घास पडतो, शेजारच्या बिऱ्हाडालाही पोहोचतो, आणि ज्याला पथ्य आहे तो कणभर जिभेवर ठेवून उरलेला दुसऱ्याच्या हाती देतो. पदार्थातील तूप कमी न करता घेणारे हात वाढवणे, ही ती युक्ती. आजची कचेरी नेमके उलट करते: तूप काढून घेते, आणि आता निर्धास्त झालो म्हणून बशी दोनदा भरते.

याहून खोल मुद्दा संयमाच्या मालकीचा आहे. एकादशी मी करीन ती माझी; माझ्या एकादशीपायी मी पाहुण्याला उपाशी ठेवले तर त्याच्या वाट्याला केवळ उपासमार येईल, व्रत येणार नाही. यजमानाने दुसऱ्याच्या वतीने केलेला संयम हा संयम नसून हुकूम असतो, आणि तो हुकूम आरोग्याच्या नावे सुटला म्हणून त्याचे स्वरूप पालटत नाही. त्यातून ‘आमच्याकडे तळलेले चालत नाही’ अशी ग्वाही फिरू लागली की, सत्कार आणि मान मिळावा म्हणून केलेल्या ज्या तपाला गीता राजस म्हणते, त्याचीच ती कचेरीतील आवृत्ती होते. उलट बाजूही निर्दोष नाही. ‘घ्या हो, एकाने काय होतंय’ म्हणत मधुमेह्याच्या बशीत गुलाबजाम लोटणारा आपला मराठी आग्रह, जो पंगतीत कौतुकाचा विषय होतो, तोही पाहुण्याच्या जिभेवर आणि देहावर तितकाच बेमुर्वत अंमल गाजवतो. आणि मला तर हा दुसरा गुन्हा पहिल्याहून वाईट वाटतो, कारण त्याला प्रेमाचा मुलामा असल्याने नकार देणाराच ओशाळतो.

देश, काल आणि पात्र पाहून दिलेले दान सात्त्विक, अशी गीतेचीच कसोटी आहे, आणि ती लावली तर सुपेल्यात निवड मुळीच अवघड नाही. छत्तीसगडच्या ठेठरी आणि खुरमी तळणीतल्या. त्यांना तीज-पोळ्यालाच राहू द्यावे. परंतु तांदळाचा वाफवलेला फरा जात्याच हलका, आणि मुर्रा म्हणजे आपले चुरमुरे, त्यांचा गुळातला लाडू तुपाशिवायच वळतो. बंगाली सहकाऱ्यांचा रसगुल्ला पाकात उकळतात, तळत नाहीत. लक्ष्मीपूजनाच्या लाह्या-बत्तासे आणि जत्रेतले फुटाणे हा तर गरिबाचा प्रसाद, त्याच्या वाट्याला तूप येणार कोठून. हे पदार्थ स्वतःच्या अधिकाराने रुचकर आहेत. साय काढलेल्या दुधाच्या पेढ्यासारखी तोतयेगिरी त्यांना करावी लागत नाही. बत्तासा निव्वळ साखर आहे आणि गुळाचा लाडूही मधुमेह्याच्या कामाचा नाही, म्हणून त्याच्यासाठी फुटाणे वेगळे काढावेत, पण कोणासाठी काढले हे जाहीर करू नये. आणि ज्यांना सामोसाच हवा त्यांच्याकरिता तोही, थोडा, त्याच टेबलावर ठेवावा.