करार, कर्ज आणि कुटुंब

गेल्या पावसाळ्यांत समाजशास्त्राच्या वर्गाला मी सर हेन्री मेन याचा सुप्रसिद्ध सिद्धान्त समजावून देत होतों. 1861 सालीं प्रसिद्ध झालेल्या ‘एन्शंट लॉ’ या ग्रंथांत त्यानें असें प्रतिपादन केलें कीं, प्रगतिशील समाजांची आजवरची वाटचाल जन्मसिद्ध दर्जाकडून कराराकडे होत आलेली आहे. पूर्वीं मनुष्य कोणाचा पुत्र, कोणत्या कुळांतला, यावरून त्याचीं कर्तव्यें ठरत. पुढें तीं त्याच्या स्वतःच्या संमतीनें ठरूं लागलीं. विषय सोपा, आणि पुष्कळ वर्षें तोच शिकवीत असल्यामुळें माझी वाणीही अस्खलित. इतक्यांत मागच्या बाकावरची एक मुलगी उभी राहिली. ती तलासरीकडच्या एका वारली पाड्यावरून येते. ती म्हणाली, “सर, माझे पणजोबा करार करूनच गुलाम झाले होते.” वर्गांत कोणी हंसलें नाहीं. मलाही पुढचें वाक्य सुचलें नाहीं.

‘लग्नगडी’ हा शब्द ज्या वाचकांच्या परिचयाचा नसेल त्यांच्यासाठीं थोडें सांगतों. वारल्यांत मुलीच्या बापाला देज द्यावें लागे, जातीला जेवण आणि ताडी द्यावी लागे. सवाशिणींनीं भिंतीवर पालघट देवीचा चौक लिहावा, धवलेरीनें गाणीं म्हणून लग्न लावावें, हा विधि. (ब्राह्मण नाहीं, पुरुष पुरोहितही नाहीं, लग्न लावते ती स्त्री. आमच्या सुधारकांनीं जी गोष्ट मोठ्या धैर्यानें मागितली असती ती डोंगरांत पूर्वापार चालत आली आहे.) या खर्चासाठीं तरुण सावकाराकडून थोडे रुपये घेई, आणि ते फिटेपर्यंत त्याच्या शेतावर राबण्याचें कबूल करी. ते फिटत नसत. हिशेब सावकाराच्या वहींत, आणि वही वाचतां येणारा सावकार एकटाच. नवऱ्याबरोबर बायकोही राबे. अशा रीतीनें ज्या कर्जानें संसार उभा राही तेंच कर्ज संसाराला गिळी. ज्यांना कर्ज मिळत नसे किंवा नको असे, तीं जोडपीं विधीवांचून एकत्र नांदत. मुलें होत, आणि लग्न सवडीनें, कधीं कधीं मुलांच्या लग्नासमवेत लागे. त्या मुलांना तेथें कोणी अनौरस म्हटलें नाहीं.

आतां मेनच्या तराजूंत हें घालून पाहा. सावकाराचा कागद हा करारच होता. दोन सज्ञान माणसें, एकाची गरज, दुसऱ्याचा पैसा, अंगठ्याची निशाणी. दर्जाकडून कराराकडे नव्हे, तर करारांतून एका नव्या दर्जाकडे, म्हणजे गुलामाच्या दर्जाकडे, हा मनुष्य गेला. मेनला ही शंका आली नसेल असें मात्र मी म्हणणार नाहीं. तो 1862 ते 1869 पर्यंत व्हाइसरॉयच्या कौन्सिलांत कायद्याचा सभासद होता, आणि स्वतःच्या सिद्धान्तालाही त्यानें ‘आजवर’ या शब्दाची मर्यादा घातली होती. दोष आमचा. आम्ही तो शब्द गाळून सिद्धान्त शिकवितों.

दुसरे आचार्य काय म्हणतील? दुर्खीमचा अनुयायी म्हणेल कीं, विधि समाजाला एकत्र बांधतो, म्हणून त्याचा खर्च निरर्थक नव्हे. एंगेल्सचा वाचक 1884 चें त्याचें पुस्तक उघडून दाखवील कीं, कुटुंब आणि मालमत्ता यांचा उगम एकच आहे. दोघांच्याही म्हणण्यांत तथ्य आहे. पण 1945 सालीं जेव्हां शामराव व गोदावरी परुळेकर यांच्या किसान सभेच्या झेंड्याखालीं वारली उठले तेव्हां त्यांनीं जें केलें तें या दोन्ही चौकटींत नीट बसत नाहीं. त्यांनीं वेठ नाकारली, लग्नगड्यांना सोडविलें; त्याच वर्षीं तलवाड्याला गोळीबारही सोसला. पण लग्न त्यांनीं मोडलें नाहीं, धवलेरीला घरीं बसविलें नाहीं. कर्जाची गांठ आणि लग्नाची गांठ एकाच दोरीची आहे असें आम्हां पंडितांना वाटत होतें. त्यांनीं एक सोडली आणि दुसरी ठेवली.

डोंगर उतरून बोईसरला यावें तर निराळेंच दृश्य. तारापूरचें अणुवीजकेंद्र 1969 सालीं सुरू झालें, शेजारीं औद्योगिक वसाहत वाढली, आणि उत्तरप्रदेश, बिहार, खानदेश, मराठवाडा येथून माणसें आलीं. उद्योगयुगाला सुटसुटीत लहान कुटुंबच मानवतें, असें अमेरिकेंतल्या टॅल्कट पार्सन्सनें सांगितलें. वसाहतीच्या आसपासच्या चाळी पाहिल्या तर ते खरें वाटेल. परंतु जरा आंत डोकावावें. एका खोलींत चार परके पुरुष, एक शेगडी, आणि पगार झाला कीं प्रत्येकाचा बराचसा पैसा दूरच्या चुलीकडे जातो. इरावतीबाई कर्वे यांनीं 1953 च्या आपल्या ग्रंथांत एकत्र कुटुंबाचीं जीं लक्षणें दिलीं त्यांत एक छप्पर आणि एक चूल हीं प्रमुख आहेत. येथें छप्पर एक, चूल एक, पण कुटुंब नाहीं. आणि जें कुटुंब आहे त्याला छप्परही एक नाहीं, चूलही एक नाहीं. आय. पी. देसाई यांनीं गुजरातेंतील महुव्याच्या अभ्यासांत हाच भेद स्पष्ट केला: निवास वेगळा झाला म्हणून नातें वेगळें होत नाहीं, कुटुंब मोजावयाचें तें परस्पर कर्तव्यांनीं.

हें मला पटतें. मात्र कर्तव्यें मोजतो कोण, हा प्रश्न उरतोच. अणुकेंद्राच्या तिसऱ्या व चवथ्या भट्टीसाठीं अक्करपट्टी आणि पोफरण हीं दोन गांवें उठलीं. अशा प्रसंगीं सरकारला पहिल्यानें विचारावें लागतें तें हेंच कीं, या घरांत कुटुंबें किती? 2013 चा भूसंपादनाचा कायदा सांगतो कीं, प्रत्येक सज्ञान व्यक्ति हें स्वतंत्र कुटुंब. विधवा, परित्यक्ता यांचेंही कुटुंब वेगळें. एका ओटीवर जेवणारे बाप आणि तीन थोरले मुलगे हीं, अशा रीतीनें, चार कुटुंबें. उलट आयकराचें खातें 1922 पासून हिंदु अविभक्त कुटुंबाला एकच करदाता मानीत आलें आहे. दोन्ही व्याख्यांत सद्हेतु आहे, आणि दोन्हींत, जो तो आपल्या सोयीची तेवढी उचलतो.

मी कांहीं निराळा नाहीं. पालघरांतील आमच्या वडिलोपार्जित घराचें भाडें आम्ही भाऊ अविभक्त कुटुंबाच्या नांवें दाखवितों, कारण त्यांत थोडा कर वांचतो. दोन वर्षांपूर्वीं आमच्या विधवा काकूंना दवाखान्यांत ठेवावें लागलें. बिल मोठें होतें. त्या रात्रीं आम्ही दोघे भाऊ बसलों आणि मीच, मोठा असल्यानें, शांतपणें म्हणालों कीं, आपल्या चुली आतां वेगळ्या आहेत. ज्यानें त्यानें जमेल तें द्यावें. धाकट्यानें मान हलविली. काकूंना हें कोणी सांगितलें नाहीं. त्यांनीं मात्र बांगड्या काढून उशाखालीं ठेवल्या होत्या, त्या आमच्या हिच्या दृष्टीस पडल्या. तेव्हां आम्हांला लाज वाटून बिल भरलें गेलें. परंतु तें वाक्य मीं उच्चारलें होतें, आणि उच्चारतांना इरावतीबाईंची चुलीची कसोटी माझ्या मनांत होती, हेंही मला कबूल केलें पाहिजे.

वार्षिक परीक्षेपूर्वीं ती मुलगी मला व्हरांड्यांत भेटली. “सर, मेनवर प्रश्न आला तर पुस्तकांतलें लिहूं कीं पणजोबांचें?” तिनें विचारलें. परीक्षक कोण असेल, तो काय शोधील, हें मला चांगलें ठाऊक होतें. मी म्हणालों, “बाळ, आधीं पुस्तकांतलें लिही, जागा उरली तर दुसरें.” तिनें पेपर दिल्यावर मीं विचारलें, जागा उरली का? ती म्हणाली, “जागा होती सर, वेळ नव्हता.”